शेवटचा ठोका

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यात खोट कुठे आहे ते शोधायलाच. मी बी.एस्सी. झालेला माणूस – आमच्या घराण्यातला पहिला. भूतखेत, भास असलं काही कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण यातली खोट मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही...

आमचं घर नाशिकजवळ देवळाली कॅम्पात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. बैठं, दोन खोल्यांचं, पुढे ओटा. वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. ड्रमसेट विलायती होता, कॅम्प सोडून जाणाऱ्या एका लष्करी साहेबाकडून जुनाच घेतलेला. त्यावर चमचमतं चंदेरी आवरण.

अण्णांची एक सवय होती. शेवटचं गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या की ते पायाने मोठ्या ड्रमवर एक जादा ठोका द्यायचे. हलकाच. कार्यक्रम जवळच्या मैदानात असला की तो घरापर्यंत यायचा, आणि आई तवा ठेवायची. अण्णा पोहोचेपर्यंत गरम भाकरी ताटात!

मला मात्र त्यांनी ड्रमला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तकं वाजव," म्हणायचे. शाळेसाठी मला नामपूरला मामांकडे ठेवलं. मी शिकलो तो त्यांच्यामुळेच, हे ऋण मोठं आहे. पण त्यामुळे त्यांचं वाजवणं माझ्या कानात राहिलंच नाही...

सत्त्याण्णव साली अण्णा गेले. पुढच्या वर्षी आईला मोठा ताप आला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले, नसच निकामी झाली, मशीनचाही उपयोग नाही. ड्रमसेट गोधडीखाली पडून राहिला. दर खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं-अवजारं पूजतात, तेव्हा आई त्या गोधडीवरच फूल ठेवायची.

दोन हजार तीन साली, मी सातपूरला नोकरीत स्थिरावल्यावर, ती म्हणाली, "यंदा गोधडी काढून पूजा करायची. नीट कर त्याला."

काढून बघतो तर आवरण जागोजागी फुगलेलं, आतल्या लाकडाचे पदर ओलीने उकललेले. मदतीला नामपूरहून मामा आले.

"भाचा, वरून सनमायका मार. कपाटासारखं चकाचक व्हई!"

मारायला गेलो. ड्रमवर वळवताना सनमायका काडकन मोडला.

"कपाट सरळ ऱ्हास," मामा त्यांच्या अहिराणीत गंभीरपणे म्हणाले, "हाई गोल शे!"

मग मात्र धीराने घेतलं. उकललेल्या पदरांत गोंद भरायचा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गच्च आवळून ड्रम वाळत ठेवायचा, पॉलिश पेपरने घासायचा. चांगलं होतं ते आवरण धुऊन परत चिकटवलं, बाकीच्या जागी नवे तुकडे. एका ड्रमवर अण्णांची मांडी घासून चंदेरी पार उडालेली जागा होती. तिथे तुकडा लावायला गेलो तर आईने हात धरला.

"तेवढं राहू दे."

सेट जुळवून मी पायाने मोठ्या ड्रमवर ठोका दिला. आईने ड्रमला तळवा टेकवला होता.

"हाताला कळतं," ती म्हणाली. "कानाला नाही." मग, "त्यांच्यासारखा येतोय का रे आवाज?"

 जिला तो आवाज ठाऊक होता तिला ऐकू येत नव्हतं, आणि ज्याला ऐकू येत होतं त्याला तो ठाऊक नव्हता. मामांनी तर अण्णांचा कार्यक्रम कधी ऐकलाच नव्हता. मी मान डोलावली. ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "तुला कुठून कळणार, बाळा..."

खंडेनवमीच्या सकाळी सेट पुढच्या खोलीत मांडला. झेंडूचा हार घातला. छोट्या ड्रमवर काठ्या आडव्या ठेवल्या, मधोमध हळदकुंकू आणि अक्षतांची छोटी रास. आई स्वयंपाकघरात पुरणपोळीची कणीक मळत होती. मी आणि मामा ओट्याखाली स्कूटर धूत होतो – तिचीही पूजा व्हायची होती. दार आमच्या डोळ्यांसमोर उघडं होतं. आत कोणी गेलं नाही.

एकदम आईचा आवाज आला, "कोण वाजवतंय रे?"

आम्ही आत धावलो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात कणकेने भरलेले. मागे गॅसवर रिकामा तवा तापत होता.

मी खुणेने सांगितलं – कोणी नाही.

"अरे, शेवटचा ठोका दिला त्यांनी! म्हणून तर तवा ठेवला." तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "तोच आवाज आहे. नीट केलास तू."

मामा माझा दंड घट्ट धरून उभे होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. छोट्या ड्रमवरची अक्षतांची रास मोडून तांदूळ कडेपर्यंत पसरले होते, काही खाली फरशीवर सांडले होते. काठ्या आणि हार मात्र जागच्या जागी.

मी सगळं तपासलं. कॅम्पात लष्कराच्या तोफांचा सराव असला की आमच्या खिडक्या थरथरतात. पण त्या दिवशी सराव नव्हता आणि ओट्यापाशी आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. कान गेलेल्यांना कधीकधी मनातले आवाज ऐकू येतात, असं डॉक्टर म्हणाले. मान्य! मग तांदूळ? आणि उंदीर म्हणावा, तर तो नेमका त्याच क्षणी?... आईला पुढे पुन्हा कधीच काही ऐकू आलं नाही. तिने त्याची तक्रारही केली नाही.

त्या दिवशी पुरणाचं बाजूला ठेवून तिने आधी एकच भाकरी थापली. अण्णांचं ताट वाढलं आणि दाराकडे बघत जरा वेळ बसून राहिली. मग ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खा. निवून जाईल."

याचा उलगडा मला आजही नाही. भाकरी गरम होती, एवढं मात्र खात्रीने सांगतो.