सासूबाईंचं लग्न

दिवेलागणीची वेळ होती. मी शाळेतून येऊन चूल पेटवत होते, तेवढ्यात मार्थाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मार्थाबाई आमच्या चर्चच्या मंडळीतल्या. बुधवारी दुपारी पिंपरीला सासूबाईंच्या खोलीवर जाऊन बसायची त्यांची पाळी असे. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "आम्ही हळू बोलत होतो हो… त्या झोपल्यात असं समजून हळूच बोलत होतो." मला आधी काही उमगलंच नाही. मग एकेक कळत गेलं. दुपारची जेवणं झाल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. चहाच्या वेळी मार्थाबाई त्यांना हाक मारायला उठल्या, तर योहान मिस्त्रींनी, म्हणजे सासूबाईंच्या दुसऱ्या यजमानांनी, बऱ्या हातानं त्यांना अडवलं. अर्धांगानं जड झालेल्या जिभेनं म्हणाले, "झोपू द्या. लई दिसांनी झोपलीया." आणि मग ती दोघं, गेलेल्या बाईची झोप मोडू नये म्हणून, उन्हं कलेपर्यंत कुजबुजत बसली होती.

त्याला आता महिना उलटून गेला. मंडळीतल्या पुष्कळ जणांनी मला सांगितलं, तू मास्तरीण आहेस, तुझ्या सासूबाईंविषयी, सगुणाबाईंविषयी, चार शब्द लिही. पण त्यांना जे लिहिलेलं हवं आहे ते माझ्या हातून उतरेल असं वाटत नाही. सगुणाबाईंनी म्हातारपण देवाची देणगी म्हणून हसतमुखानं स्वीकारलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण त्यांनी ते तसं स्वीकारलं नव्हतं. त्या दमल्या होत्या, आणि दमले आहे असं चारचौघांत म्हणायच्या.

सासूबाई मूळच्या नगरकडच्या. ऐन तिशीत नवरा गेला. पदरी एकच मुलगा, म्हणजे माझे यजमान प्रभाकर. मिशनच्या इस्पितळात बाळंतिणींच्या खोलीत त्यांनी वर्षानुवर्षं कपडे धुतले, पाणी तापवलं, रात्रपाळ्या केल्या आणि मुलाला शिकवलं. ह्यांना दापोडीच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्या आमच्याबरोबर रेल्वेच्या कडेच्या चाळीत राहायला आल्या. दोन खोल्या, बाहेर नळ, आणि दिवसभर गाड्यांचा धडधडाट. गुडघे धरले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तरी रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही.

आमची मंडळी लहान, आणि तेव्हा तर फारच लहान होती. एका जुन्या गोदामात पत्र्याखाली उपासना चाले. नवे पाळकसाहेब आले, तरुण आणि हौशी. त्यांनी एका रविवारी मंडळीतल्या वृद्धांचा सत्कार ठेवला. झेंडूचे हार आणले आणि एकेका म्हाताऱ्याला पुढे बोलावून साक्ष द्यायला सांगितलं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी हार गळ्यात घालू दिला नाही, हातात घेतला. म्हणाल्या, "हार नगं पाळकसाहेब. त्यापरीस टेकायला पाठ असलेली बाकडी करा. दीड तास ताठ बसून पाठ मोडती, मग उपदेशात ध्यान ऱ्हात न्हाई." मंडळी हसली. ह्यांनी मान खाली घातली. हसले नाहीत ते एकटे योहान मिस्त्री. पुढच्याच आठवड्यात ते हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि दोन दिवस खपून त्यांनी सगळ्या बाकड्यांना पाठी बसवल्या.

मिस्त्री सुतार. सरकारी वर्कशॉपातून निवृत्त झालेले, विधुर. मुलगे रेल्वेत, लांब लांबच्या गावी. ते पिंपरीला एका खोलीत एकटे राहत. तेव्हा पिंपरीच्या माळावर औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, ट्रकांची धूळ उडायची, आणि त्या धुळीत हा उंच, वाकलेला माणूस सायकल हातात धरून चालत यायचा. बसायची भीती वाटायला लागली होती, पण सायकल सोडवत नव्हती. मंडळीनं त्यांच्यासाठी डब्याची पाळी लावली होती, आठवड्यातून तीनदा. आम्हाला सगळ्यांनाच त्याचा अभिमान होता. एकदा उपासनेनंतर डब्याचं कसं काय चाललंय असं विचारल्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "डबा येतो वेळेवर. मानूस येत न्हाई." कोणी मनावर घेतलं नाही. सासूबाईंनी घेतलं.

त्यानंतर त्या आमच्या पाळीचा डबा स्वतः नेऊ लागल्या. दापोडीहून बसनं जायच्या आणि उशिरा परत यायच्या. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. त्या समोर बसून खडे वेचत म्हणाल्या, "सूनबाई, मी मिस्त्रीसंगट लगीन करणार हाय."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आई, या वयात?"

"मग कोनच्या? तरुणपनी मला सवड न्हवती."

हे ऐकून ह्यांनी काही आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते दोन दिवस जेवले नाहीत आणि मग मंडळीच्या पंचांकडे गेले. पंचांची सभा बसली. खरं तर त्यांना काय ठरवायचं होतं तेही त्यांना माहीत नव्हतं. विधवेनं पुन्हा लग्न करू नये असं कुठलाच नियम सांगत नव्हता, पण नातवंडं मांडीवर घेण्याच्या वयात ही काय भाषा, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. सासूबाईंना बोलावलं. मी त्यांना धरून नेलं होतं, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. सर्वांत जुने पंच म्हणाले, "सगुणाबाई, तुम्हाला कमी काय आहे? मुलगा आहे, सून आहे, पाठीशी मंडळी आहे."

"कमी काई न्हाई," त्या म्हणाल्या. "पर दिवस लई मोठा हाय, बाबा… ल्योक कारखान्यात, सून शाळंत. मी हितं एकटी जेवती, त्यो तिथं एकटा जेवतो. दोन मानसं एका जागी जेवली तर देवाची काय अडचण हाय?"

पाळकसाहेबांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते म्हणाले, "पुढच्या रविवारी पुकार होईल."

लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात, ती ही पुकार. पहिल्या रविवारी मागच्या बाकांवर पोरी खुसखुसल्या. दुसऱ्या रविवारी कोणी हसलं नाही. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी हरकत विचारली, आणि माझ्या शेजारचे हे उठून उभे राहिले. सासूबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. हे क्षणभर तसेच उभे राहिले… आणि न बोलता बाहेर निघून गेले. मी दारातून पाहिलं, तर गोदामाच्या सावलीत पाठ टेकून उभे होते. लग्नालाही आले नाहीत. मी गेले. सासूबाई पांढरंच पातळ नेसल्या होत्या, फक्त नवीन होतं. जेवायला बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि शिरा. मिस्त्रींना शिरा फार आवडला, दोनदा मागून घेतला.

सुखाचं म्हणावं असं त्यांचं एक वर्षही पुरतं झालं नाही. सकाळी तोंड धुताना मिस्त्री मोरीत कोसळले आणि डावं अंग गेलं. बातमी मंडळीत पसरली, तेव्हा कोणी कोणी "आता भोगा" असंही म्हटलं. त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, चल. लग्नानंतर पहिल्यांदाच ते त्या खोलीत पाऊल टाकत होते. आईला म्हणाले, "आई, घरी चल. त्यांची सोय मिशनच्या इस्पितळात होईल. मी पाळकसाहेबांशी बोलतो."

सासूबाई मिस्त्रींचं तोंड पुसत होत्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "परभाकर, मंडळीनं लगीन लावलंय. आता मंडळीनंच पाळी लावावी. पर डब्याची नगं. सैपाक मला येतो. यिऊन बसायची पाळी लावा, म्हंजी मला घटकाभर पडता यील."

असं आमच्या मंडळीत बसायची पाळी सुरू झाली. ती काही फार थोर रीतीनं चालली असं नाही. डबा पाठवणं सोपं असतं. म्हाताऱ्या माणसापाशी दुपारभर बसणं, त्याचं अर्धवट बोलणं समजून घेणं, त्याला लघवीचं भांडं देणं, हे प्रत्येकालाच नकोसं होतं. दोन घरांनी पहिल्या महिन्यातच अंग काढून घेतलं. पावसाळ्यात तर कितीदा कोणीच फिरकत नसे, आणि सासूबाई दाराकडे बघत बसायच्या. मार्थाबाई मात्र टिकल्या, पाळकसाहेब टिकले. आणि कोणी न सांगता हे दर शनिवारी कारखाना सुटल्यावर जाऊ लागले. मिस्त्रींची दाढी करायचे, त्यांना उचलून मोरीत न्यायचे, आंघोळ घालायचे. पण त्यांना कधी काही म्हणून हाक मारली नाही. "अहो, हात वर करा." "अहो, मान वळवा." एवढंच. मिस्त्री तेवढं निमूट ऐकत.

शेवटची भेट झाली तेव्हा सासूबाई फार वाळल्या होत्या. धुणं त्यांना पिळवत नव्हतं. मी पिळा हातातून घेतला आणि बरेच दिवस मनात होतं ते विचारून टाकलं. "आई, पस्तावा होतो का?"

त्या पायरीवर बसल्या. "पस्तावा न्हाई गं. थकवा हाय." पदराला हात पुसत म्हणाल्या, "मानसं ह्या दोन्हींत घोटाळा करत्यात."

त्यांना पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी पंच जमले. मिस्त्रींच्या मुलांकडून काही निरोप नव्हता. इस्पितळाची गोष्ट पुन्हा निघाली. हे कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "आमच्याकडे आईची मागची खोली रिकामी आहे." मला विचारलं नव्हतं. मी रागावले, घरी येऊन बोललेही. शाळा करून, घर करून हे कसं जमायचं? अजूनही रोज जमतंच असं नाही. पाठ दुखते, चादरी वाळत नाहीत, आणि संध्याकाळी कोणी आपल्याला काही विचारूही नये असं वाटतं. बसायची पाळी आता आमच्या घरी येते. कधी येते, कधी येत नाही. मागच्या रविवारी औषधाच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या एका गृहस्थानं उपासनेनंतर, टांग्यातून आणलेल्या मिस्त्रींकडे बघत, ह्यांना विचारलं, "हे तुमचे वडील का?" ह्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "आमच्याकडेच असतात."

सासूबाईंची एक लकब होती. मिस्त्रींना भरवण्याआधी त्या वाटीला बोटांची पाठ लावून बघायच्या. तळहातानं कधी नाही. धुण्याच्या उकळत्या पाण्यानं तळहात मेले होते, त्यांना ऊन-गार कळत नसे. परवा रात्रीच्या जेवणाला मी मिस्त्रींपुढे आमटी ठेवली. हे शेजारी मांडी घालून बसले, भाकरी कुस्करली, आणि वाटी उचलण्याआधी तिला बोटांची पाठ लावली. ह्यांचे तळहात चांगले आहेत.

"थांबा जरा, बाबा," हे म्हणाले, "गरम आहे."