मागची लिफ्ट

"ह्या पोरीनेच बटण दाबलं."

मुलुंडच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांसमोर बोलले. माझ्याकडे बोट करून. मी दहा वर्षांची. फ्रॉकवर आईचं रक्त. आईला नुकतंच रिक्षात घालून नेलं होतं. मला कुणी सोबत घेतलं नव्हतं.

"ह्या लोकांना लिफ्टमध्ये घेऊच नये," एक बाई म्हणाल्या. आई त्यांच्याच घरी भांडी घासायची.

कामवाल्यांची लिफ्ट मागच्या बाजूला होती. त्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर थांबली. आईने जाळीचं दार सरकवलं, एक पाय बाहेर टाकला. आणि लिफ्ट वर निघाली. आईचा दुसरा पाय आतच होता. तो वरच्या चौकटीत सापडला. मी आत होते. सगळं बघितलं.

आठवडाभर आधीच आईने सेक्रेटरींना सांगितलं होतं, "साहेब, लिफ्ट थांबली तरी सरकते." साहेब हसले होते. "तू भांडी घास. मशीनचं आम्ही बघतो."

डॉक्टरांनी आईचा पाय गुडघ्याखाली कापला. सोसायटीच्या कागदावर आलं, अपघात मुलीच्या खोडीमुळे.

मी दाबलं होतं का? आठवत नव्हतं. सगळे म्हणतात म्हणजे दाबलंच असेल. पंखा, मिक्सर, दाराची बेल, मी कशालाच हात लावायचे नाही. घरात आईच्या कुबडीचा आवाज आला की हात पाठीमागे जायचे. आपोआप.

दहावीनंतर आयटीआयमध्ये लिफ्ट मेकॅनिकचा ट्रेड मिळाला. मी नको म्हणाले. आई म्हणाली, "जा. मशीन काय असतं ते बघून तरी ये."

एके दिवशी सरांनी शिकवलं. लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात. आत माणसं कमी असली की ती वजनं जड पडतात. ब्रेक झिजलेला असेल तर वजनं खाली जातात, लिफ्ट वर.

मी विचारलं, "सर, दार उघडं असताना कुणी बटण दाबलं तर?"

"काही होत नाही. दार उघडं, तर मोटरला करंटच नाही."

मी वर्गातून उठले. नळाखाली दोन्ही हात धरून कितीतरी वेळ उभी राहिले.

घरी आई भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मी तुला कधी बोलले का गं?"

म्हणजे बटण मीच दाबलं, असं तिलाही वाटत होतं. इतकी वर्षं. मी न केलेल्या गुन्ह्याची माफी तिने मला मुकाट देऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला गेले. सेक्रेटरी म्हातारे झाले होते. दारातच विचारलं, "आईचा पाय सापडला त्या लिफ्टचा ब्रेक गेलाय, तुम्हाला माहीत होतं?"

"मेकॅनिक सांगून गेला होता," ते म्हणाले. "पण मागची लिफ्ट होती ना ती."

एवढ्या साधेपणाने म्हणाले.

आता अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या लिफ्ट तपासते. बटण दाबायच्या आधी हात अजून पाठीमागे जातो. ते काही गेलं नाही. परवा एका सोसायटीत मागच्या लिफ्टचा ब्रेक झिजलेला निघाला. तिथले साहेब म्हणाले, "मागच्या लिफ्टचं नंतर बघू. आज सही करून टाका."

मी मेन स्विच पाडला. स्विचला कुलूप लावलं.

"तुमच्या ऑफिसला फोन करतो."

"करा."

नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे. झिजलेल्या ब्रेकवर माझी सही कुणाला मिळणार नाही.