चिमाजीला कोण हाक मारणार?

वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या गावाला चिमाजीची टिंगल करायला निमित्त लागत नसे. उमेदीची वर्षं तो मुंबईच्या गिरणीत राबला. सन एकोणतीसच्या संपानंतर गिरणीनं परत घेतलं नाही, तेव्हा गावी आला. बायको आधीच गेलेली, पोरंबाळं नाहीत. गावाच्या टोकाला एकटाच राहायचा. लोक त्याला ‘युनियन’ म्हणूनच चिडवत.

त्या युनियननं त्याला एक गोष्ट शिकवली होती. गिरणीत कापूस पेटला की माणसं धुरात सैरावैरा पळत आणि आत कोण राहिलं ते कळत नसे. म्हणून युनियननं खात्यातल्या माणसांच्या जोड्या लावल्या. बाहेर आलं की आधी जोडीदाराला हाक मारायची, ओ आली नाही तर बोंब ठोकायची. चिमाजीचा जोडीदार मानसिंग. एकदा त्यानं बोंब ठोकली म्हणून तर चिमाजी जिवंत राहिला.

राब भाजायचे दिवस आले. भाताचं बी टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात, तो राब. वारा फिरला की आग डोंगराला लागते. चिमाजी दारोदार सांगत सुटला, “जोड्या लावा.” ब्याद टळावी म्हणून लोकांनी लावल्या. सगळ्यांच्या लागल्या, चिमाजी तेवढा उरला. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आमच्या गावाची अक्कल एवढीच.

एके दुपारी वारा फिरलाच. म्हाताऱ्या ठकुबाईच्या राबातली आग गवतात शिरली, धूर कोंदला. सगळे बांधाकडे पळाले आणि हाका सुरू झाल्या. ठकुबाई आपल्या जोडीदारणीला, धाकट्या जावेला ओरडली, “फुले! आगं फुले!” ओ येईना. चिमाजी तोंडाला ओलं फडकं बांधून धुरात घुसला, त्यानं फुलाबाईला शोधून बांधाच्या वाटेला लावलं. ती खोकत बाहेर आली. लोकांनी तिला गराडा घातला आणि बोलत बोलत गावाकडे चालू लागले.

चिमाजी मागं ओढ्यात पडला होता, पाय मुरगळून. लोक निघेपर्यंत वरून एकेकाचं नाव ऐकू येत होतं. त्याचं आलं नाही. त्याला ओरडता आलं असतं, पण ओरडला नाही. बायकोला मसणात पोचवून आला त्या दिवशीही तो इतका एकटा नव्हता. दिवस कलल्यावर काठी टेकत घरी आला.

दिवेलागणीला ठकुबाई भाकरी घेऊन आली आणि सुजलेला पाय बघून चपापली.

“हाक मारायची न्हाई व्हय रं?”

“हाक जोडीदारानं मारायची आसती, आक्का.”

ती भाकरी ठेवून गेली.

पुढच्या वर्षी राब नीट भाजले. आग कुठं पसरली नाही, धूरही विरत आला. तरी ठकुबाई बांधावर उभी राहिली.

“फुले!”

“ओ!”

मग ती वळली. “चिमा!”

चिमाजी तिच्या शेजारीच उभा होता. तरी पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, “ओ, आक्का! हाय म्या हितं!”