पहिली फेरी हौसाची

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी गादी शिवनं. मी सुईत दोरा ववत व्हतो, हौसा टाके घालत व्हती. गादी रेसच्या गाडीची! आमची नात स्वाती इंजिनीअरिंगला हाय. ती न् तिच्या वर्गातली पोरं बॅटरीवरची, एका सीटची गाडी बनवत व्हती — आमच्या पिंपळवंडीत, रिकाम्या कांदाचाळीत.

"आज्जे, बसून बघ की."

"आत्ता न्हाई. चालायला लागली की पहिली फेरी माझी. शब्द दे."

"दिला!"

मी म्हनलो, "म्हातारे, लुगडं चाकात जाईल."

"तुमी तुमचं धोतर सांभाळा."

दुसऱ्या दिवशी चहा ठिवता ठिवता गेली.

भूतखेत, अंगात येनं... असलं सांगनाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हनत आलोय. देवसुदीक हौसाच्याच वाट्याचा. आता तुमी मला हसा.

दहाव्याला कुकडीच्या घाटावर पिंड ठिवला. झाडावर कावळे ढीगभर, पन एक शिवंना. मेल्या मानसाची इच्छा राहिली की असं व्हतं म्हनत्यात. ल्योक म्हनला, "आई, स्वातीचं लगीन धूमधडाक्यात करू." न्हाई. सून म्हनली, "तुमची म्हैस इकनार न्हाई." न्हाई! शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मी म्हनलो, कावळ्यांची पोटं भरल्याली असतील. आतून मातर खात व्हतं — एवढा संसार केला, न् हिचं काय ऱ्हायलं ते मला ठावं न्हाई.

पंधरा दिवसांनी गाडीची ट्रायल. लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून स्पर्धेला न्यायची व्हती. स्वाती बसली, बटन दाबलं. दिवा लागला... विझला. परत तेच. दुसरा पोरगा बसला, तेच! बॅटरी फुल्ल, वायरी नीट. अकरा वाजले. स्वाती परत बसली, रडकुंडीला आली. मला ते घाटावरचे कावळे आठावले.

"स्वाते, खाली उतर. पहिली फेरी कुनाची व्हती?"

ती म्हनली, "आबा, सीटवर वजन असल्याबिगर मोटर फिरतच न्हाई. तसा स्विच बसवलाय आमी."

"असू दे. उतर म्हनतो ना!"

उतरली. बाहेरून वाकून बटन दाबलं. मी म्हनलो, "हौसा, बस. धोतर सांभाळतो मी."

दिवा लागला... न् विझलाच न्हाई. आन् राव, गाडी निघाली! रिकामी! पायडल दाबायला कुनी न्हाई, न् गाडी चाळीपासनं विहिरीकडं सरळ, बैल चालावा तशी सावकाश. पोरं वरडत पळतायत, मीबी काठी टाकून अनवानी पळतोय! विहिरीच्या अलीकडं आपसूक थांबली. गादी मधोमध दबल्याली. हात ठिवला तर हळूहळू वर आली.

मग स्वाती बसली. काय उडाली म्हनता गाडी! धुरळाच दिसत व्हता नुसता.

पोरांनी स्विच खोलला, कॉलेजच्या सरांनी तपासला. चांगला हाय. रिकाम्या सीटवर गाडी पुन्हा एकदाबी हलली न्हाई. सर म्हनले, "काहीतरी फॉल्ट असंल." कोनता, ते त्यांना सांगता येत न्हाई, मला तर न्हाईच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गेला. मी भाताचा गोळा घेऊन एकटाच घाटावर गेलो. झाडावर तेच कावळे. गोळा दगडावर ठिवला, तोंडातनं शबूद काढला न्हाई. मागं सरलो. एक पाऊल... दोन.

तिसरं टाकायची येळच आली न्हाई.