केसरचे चारपैकी चार

सासूला अर्धांग झालं तेव्हापासून केसरची मासळीची टोपली कोपऱ्यात उपडी पडली होती. हगणं-मुतणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं केसरकडे. आणि म्हातारीच्या वाकड्या तोंडातून एकच शब्द नीट निघायचा, "हेमा."

हेमा म्हणजे हेमांगी, धाकटी जाऊ. अलिबागला फ्लॅटमध्ये राहायची. रविवारी मोसंबी घेऊन यायची, सासूचा हात धरून बसायची आणि साडीची घडीही न मोडता परत जायची. ती आली की म्हातारीचे डोळे लकाकत. केसर चुलीशी बसून ते बघे आणि सुकत घातलेल्या बोंबलासारखी आतून कडक होत जाई.

त्या रविवारी आरोग्य केंद्रातली नर्स दिशा आली. घरच्या आजाऱ्याचं करायला आपण किती तयार आहोत असं वाटतं, हे ती घरोघर विचारत होती. अजिबात नाही तर शून्य, पूर्ण तयार तर चार.

"आजींना वळवायला जमतं?"

"चार," केसर म्हणाली.

"अचानक काही झालं तर?"

"चार."

"आणि तुमच्यावर ताण येतो, तो सांभाळायला?"

केसरची कंबर सकाळपासून ठणकत होती. पण समोर हेमांगी बसली होती. टोपलीतला माल कितीही उतरला तरी कोळीण गिऱ्हाइकाला 'ताजा हाय' असंच सांगते.

"त्यालाबी चार लिवा."

हेमांगी म्हणाली, "माझं सगळं शून्य. मला तर आईंना हात लावायचीच भीती वाटते."

"बरं झालं सांगितलंत. आकडे कमी असतील त्यांना मी दर रविवारी येऊन शिकवते. केसरताई, तुम्हाला काही गरज नाही."

दिशानं तिथंच दाखवलं. आजींचा गुडघा दुमडायचा. लुळा हात ओढायचा नाही, खांद्यामागे हात घालायचा. हेमांगीनं भीत भीत तसं केलं. म्हातारी अलगद वळली. केसर हात ओढून वळवायची तेव्हा ती कण्हायची. आज कण्हली नाही.

"हेमा," म्हणाली.

केसर ताडकन उठली. जावेला कोपरानं बाजूला सारत म्हणाली, "सरक. उद्या सकाली तू असनार हाईस का वलवायला?" मग दिशाकडे न बघताच, "खोडा ते चार, नर्सताई. माल ताजा न्हाय. मला पयल्यापासून दाखवा."

तिनं सासूच्या खांद्यामागे हात घातला. म्हातारी वळली, केसरकडे टक लावून बघत राहिली.

"हेमा," म्हणाली.

"बोल, आये, काय बोलायचं त्ये," केसरनं तिच्या पाठीशी उशी सारली. "पन हात माजा हाय."