शमुवेलकडे राहिलेला लाडवांचा डबा

शमुवेल माझा डबा परत न करताच गेला.

स्टीलचा, लाडवांचा, झाकणावर आईचं नाव कोरलेला. दिवाळीला भरून दिला होता. त्याला जाऊन आज वर्ष झालं, आणि ही तक्रार मी अद्याप मागे घेतलेली नाही.

मागितला की म्हणायचा, "पंडित, रिकामा डबा परत देतात का? भरून देतो की."

यथावकाश भरला.
एमआयडीसीच्या भंगारातलं एक कॉम्प्युटर बोर्ड आत बसवलं, वायरींसाठी झाकणाला भोकं पाडली. 'इंदुमती'वरचा अनुस्वार आता आरपार आहे.

आणि डबा पुणतांब्याला पोचवला, रूथताईकडे. ही त्याची थोरली बहीण, नर्स. तिथला छोटा दवाखाना सांभाळते.

तिच्या पेशंटचे रिपोर्ट नगरच्या डॉक्टरांकडे जायचे ते झेरॉक्सवाल्याच्या मोबाईलवरून. एका मुलीचा टीबी तिच्या घरच्यांआधी पारावर कळला. ठरलेलं लग्न मोडलं.

तेव्हापासून शमुवेलच्या डोक्यात व्हीपीएन. म्हणजे दवाखाना ते डॉक्टर असा कुलूपबंद रस्ता. मधल्या कुणाला काही वाचता येत नाही.

बोर्ड अगदी कमी विजेवर चालायचं. पण त्यातला प्रोसेसर जगात फारसा कुणी वापरत नाही, आणि त्यावर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, व्हीपीएनची सोय नव्हती.

"मग नवीन घे ना."

"तुझं संस्कृत तरी कोण वापरतं? बदललंस का?"

मी चहा टाकायला उठलो.

कित्येक रविवारी चर्चमधून थेट केडगावला माझ्याकडे. कर्नेल बांधायचा, म्हणजे नव्याने तयार करून बोर्डात घालायचा, बोर्ड सुरूच व्हायचं नाही, पुन्हा बांधायचा.

एकदाचं जमलं, तर लाईट गेली की घोळ. बोर्डाच्या घड्याळाला बॅटरी नाही. लाईट आली की ते १९७० सालात जागं व्हायचं, आणि इतक्या जुन्या वेळेला आलेल्याला पलीकडचं यंत्र दार उघडत नाही.

शमुवेलने त्याला वळण लावलं. उठल्यावर आधी बाहेर वेळ विचारायची, मग दार वाजवायचं.

"मी वर्गात हेच सांगतो," मी म्हणालो.

"म्हणून तर पोरं लई उशिरा येतात."

त्या डब्यातून गेलेलं काही आजवर पारावर आलेलं नाही.

परवा रूथताईचा फोन आला. "सर, डबा मधूनच बंद पडतोय. तुमच्याकडं पाठवून देऊ का?"

"पाठवू नका. मी येतो."

त्याचा लॅपटॉप आता माझ्याकडे असतो. डब्याच्या दुरुस्तीसाठी त्यावरून नवा कर्नेल मी बांधतो, बांधला जातोही, पण तसल्याच दुसऱ्या बोर्डावर घालून पाहिला तर ते सुरू होत नाही. पाणिनी इथे उपयोगाचा नाही.

मित्रयादीत कुणाला हे काम येत असेल तर कळवा. लाडू देईन. कागदात बांधून.

शमुवेल, तक्रार मागे घेतली. डबा परत नको. तो परत आला तर रिपोर्ट पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे जातील.

तू निवांत राहा, मित्रा.
कर्नेलचं हे काम माझ्याच्याने होईल असं मला वाटत नाही.