जॉर्जचं भाषण, डॉडची माती

टीनी लम्सडेनला दोन तोंडं होती. ॲबर्डीनशायरच्या त्या गावात सगळ्यांनाच असतात. एक घरासाठी, गोठ्यासाठी, भांडणासाठी. ते स्कॉट्स बोलायचं. दुसरं डॉक्टर, बँक आणि फोनसाठी, ते इंग्रजी. दुसरं तोंड शाळेनं चामड्याच्या पट्ट्यानं घडवून दिलं होतं, अगदी फुकट. त्याच शाळेत जानेवारीत, राष्ट्रकवीच्या जयंतीला, स्कॉट्स कविता पाठ म्हणणाऱ्याला बक्षीस मिळे. दुसऱ्या दिवशी त्याच भाषेत पाणी मागितलं की गुरुजी म्हणत, नीट बोल.

तिच्या नवऱ्याला, डॉडला, मात्र एकच तोंड होतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरशीही तो बैलाशी बोलावं तसंच बोलला. अंथरुणाला खिळल्यावर त्यानं एवढंच मागितलं.

"माझ्यावर विंग्रजीत कुणी बोलायचं न्हाई. तूच बोल. आपलंच बोल."

"बोलीन की. पड आता गप."

तो गेला. एडिनबरोच्या बँकेतला मुलगा, ग्रेम, काळ्या हातमोज्यांसह आला. चर्चच्या दारात हळूच म्हणाला, "आई, माझे साहेब आलेत. जरा नीट बोलशील ना?"

"त्याला सबूद दिलाय म्या," टीनी म्हणाली. आणि पुढं जाऊन उभी राहिली. समोर पाद्री. पहिल्या रांगेत साहेब. तिनं तोंड उघडलं.

"जॉर्ज हे अत्यंत प्रेमळ आणि मितभाषी गृहस्थ होते."

हे जॉर्ज कोण, ते गावाला क्षणभर कळेना. मग आठवलं, डॉडचं कागदावरचं नाव. मितभाषी म्हणजे ज्याच्या शिव्या दोन शेतं ओलांडून ऐकू येत, तोच. टीनीलाही ऐकू येत होतं आपण काय बोलतोय ते. थांबता मात्र येईना. ग्रेमनं डोळे पुसले. पाद्री म्हणाले, "फार सुंदर बोललात." ती जागेवर जाऊन बसली, आणि तिला नवऱ्याच्या पेटीकडे बघवेना.

कबरीपाशी आठ जणांनी आठ दोऱ्या धरल्या. डोक्याकडची टीनीची, पायाकडची ग्रेमची. पेटी खाली जायला लागली आणि ग्रेमच्या गुळगुळीत हातमोज्यातून दोरी सटकली. पेटी कलली.

"आरं टोणग्या, धर की घट," टीनी म्हणाली. "बा हाय तुझा. बटाट्याचं पोतं न्हवं."

ग्रेमनं हातमोजे दातांनी ओढून काढले.

"आन तू बी सरळ जा रं," ती खाली बघत म्हणाली. "सारा जलम आडमुठा. चिखलाचे बूट घिऊन माझ्या चुलीम्होरं आलास. गाय व्याली की रडायचास, पोरगं झालं तवा न्हाई रडलास. कोण मला आता उठल्या उठल्या शिव्या देनार, सांग. जा. थंडी लई हाय खाली, कोट घातलाय तुला."

दोरी संपेपर्यंत ती बोलत होती. पाद्रींनी उघडलेलं पुस्तक मिटलं. साहेबांनी बुटांकडे पाहिलं.

नंतर घरी खिम्याच्या पॅटी आणि व्हिस्की वाटताना ग्रेम तिला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "आई, चर्चमध्ये किती छान बोललीस. मग तिथं ते कशाला?"

"त्यो तुझा जॉर्ज हुता," टीनी म्हणाली. "माझा डॉड म्या निराळा पुरला."

तेवढ्यात फोन वाजला. तिनं केस सारखे केले, एप्रनला हात पुसले.

"नमस्कार. मिसेस लम्सडेन बोलते आहे. आपण कोण?"